रेशमाचे शहर आणि फुलांचा चित्रकार

फ्रान्समधील लिआँ हे शहर रेशमासाठी प्रसिद्ध आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनीच कधीतरी पाठ केलेले असते. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर ते वसले आहे, एवढे सांगितले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु रेशमाचा धंदा तिथेच का भरभराटला, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाही. कच्चे रेशीम काही लिआँलाच पिकत नव्हते. त्यातले बरेचसे इटलीतून येई. विणण्याची कलाही इटलीतूनच आलेली होती. मजुरी स्वस्त होती म्हणावे, तर तेही खरे नाही. मग अठराव्या शतकात युरोपातील राजवाड्यांच्या भिंती आणि सरदारांच्या स्त्रियांचे झगे लिआँच्याच कापडाने का झाकले गेले? याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘फूल’ असे द्यावे लागेल. बागेतले फूल नव्हे. कागदावर काढलेले, मग चौकटींत बसविलेले आणि शेवटी ताण्याबाण्यात उतरलेले फूल. ते काढणाऱ्यांपैकी एकाचे नाव होते आंत्वान बेर्झाँ.

बेर्झाँचा जन्म १७५४ साली लिआँलगतच्या व्हेझ या उपनगरात झाला. बाप खाटीक होता. पुढे ज्याच्या गुलाबांच्या पाकळ्यांवरील दव पाहून माणसे थबकली, तो मांसविक्याच्या घरात वाढला याचे काहींना नवल वाटते. मला तसे वाटत नाही. वस्तू नीट पाहण्याची सवय लागायला दुकानासारखी दुसरी शाळा नाही. आणि हाड, कातडे, स्नायू यांच्या पोताकडे पाहायला शिकलेली नजर पुढे शिंपल्याकडे आणि पीचच्या सालीकडेही तशीच पाहू शकते. चित्रकलेचे पहिले धडे त्याने पेराश नावाच्या मूर्तिकाराकडे घेतले. हा पेराश शिल्पांपेक्षा एका भलत्याच गोष्टीने अमर झाला. दोन नद्यांच्या मधली जमीन दक्षिणेकडे वाढविण्याची योजना त्याने आखली, आणि आज लिआँच्या एका मोठ्या रेल्वे स्टेशनला त्याचे नाव आहे. असो.

गरिबाच्या हुशार मुलाला, हात चांगला असेल तर, त्या काळच्या लिआँमध्ये एकच वाट सरळ दिसत असे. ती म्हणजे रेशमाच्या एखाद्या पेढीवर नक्षीकार म्हणून लागणे. बेर्झाँ त्याच वाटेने गेला.

नक्षीकाराचे काम नेमके काय असते, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण ‘कापडावर फुले काढणे’ एवढ्याने त्याची कल्पना येत नाही. लिआँचे रेशमी कापड साधारण ५४ सेंटिमीटर रुंद असे. या पट्ट्यात नक्षी अशी बसवावी लागे की ती वरखाली पुनःपुन्हा येत राहिली तरी सांधा कुठे आहे हे डोळ्याला कळू नये. डाव्या काठाशी तुटलेल्या पानाचा उरलेला भाग उजव्या काठाशी बिनचूक उगवला पाहिजे, म्हणजे दोन पट्टे शिवले की पान पुरे होते. झग्याला चुण्या पडणार, त्या चुण्यांत फूल अर्धे बुडणार. तरीही ते फूलच दिसले पाहिजे. दिवाणखान्याच्या भिंतीवर तेच कापड लागले तर दहा पावलांवरून ते ओळखू आले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक रंग हा खर्च असतो. फुलात एक छटा वाढली की मागावर आणखी एक छोटा धोटा आला, विणकराचा वेळ वाढला, मजुरी वाढली. चित्रकार चाळीस छटा सहज वापरील. नक्षीकाराला आठांत गुलाब फुलवावा लागतो. म्हणजे तो जितका चित्रकार, तितकाच हिशेबनीसही.

मूळ चित्र तयार झाले की ते चौकटींच्या मोठ्या कागदावर उतरविले जाई. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचे धागे, एक आडवी ओळ म्हणजे बाण्याची फेर. एकेक चौकट रंगवीत जायचे. गुलाबाची गोलाई या चौकटींत शिरताना पायऱ्यापायऱ्यांची होते. ती पुन्हा गोल दिसावी अशी युक्ती करणे हे खरे कसब. मग हा कागद वाचून मागाच्या दोऱ्यांच्या गाठी बांधणारा कारागीर येई. आणि विणताना मागाच्या बाजूला उभी राहून त्या दोऱ्यांचे जुडगे ओढणारी एखादी पोर असे. आसपासच्या डोंगराळ मुलखातून आणलेल्या या पोरी पहाटेपासून रात्रीपर्यंत दोऱ्या ओढीत. जड नक्षीचे कापड दिवसाकाठी काही इंच पुढे सरके. म्हणजे राणीच्या झग्यावरच्या एका फुलामागे किमान चार माणसांचे हात असत. त्यांपैकी एकाचेही नाव कापडावर नसे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. लिआँच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. कापड चांगले विणले तर दुसरे देश ते विणायला शिकतात; माग चांगला बांधला तर त्याची नक्कल होते; कारागीर फोडून नेता येतात. परंतु नक्षी दरवर्षी बदलली तर नक्कल करणाऱ्याची पंचाईत होते. तुरिनच्या किंवा लंडनच्या विणकराने लिआँच्या नव्या नक्षीचा तुकडा मिळवून ती मागावर चढवीपर्यंत काही महिने जात. तोवर लिआँने पुढच्या हंगामाची फुले बाजारात आणलेली असत, आणि गेल्या हंगामाची शिल्लक उतरत्या भावाने विकायला काढलेली असे. नक्कल करणाऱ्याच्या हाती उरे ते शिळे फूल. ज्याला आपण ‘फॅशन’ म्हणून नाक मुरडतो, ते वस्तुतः मक्तेदारी टिकविण्याचे अत्यंत हिशेबी साधन होते. तटबंदी नाही, जकात नाही. केवळ दरवर्षी नवे फूल. म्हणूनच चांगल्या नक्षीकाराला पेढी वर्षाकाठी पॅरिसला पाठवी. तिथे त्याने दरबार पाहावा, नाटके पाहावीत, चित्रे पाहावीत, बायका काय नेसतात ते पाहावे आणि परत येऊन पुढच्या हंगामाचे भाकीत कागदावर मांडावे. शेअर बाजारातील तेजीमंदीचा अंदाज बांधणारा आणि हा नक्षीकार यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

नक्षी ही संपत्ती आहे, हे कायद्यानेही तिथे लवकरच मान्य केले. १७११ सालीच लिआँच्या नगरशासनाने नक्षीची चोरी गुन्हा ठरविली. १७८७ साली राजाच्या मंत्रिमंडळाने रेशमी कापडाच्या नक्षीवरील हक्क साऱ्या राज्यात मान्य केला. आज बौद्धिक संपदा म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्याची एक जुनी मुळी या फुलांत आहे. मात्र तो हक्क कोणाचा, हे बारकाईने वाचले पाहिजे. तो कारखानदाराचा होता. ज्याने नक्षी काढवून घेतली त्याचा. ज्याने काढली त्याचा नव्हे. ज्याची मजुरी चुकती केली, त्याचा त्या फुलावरचा हक्कही चुकता झाला, असा हा हिशेब होता.

या हिशेबातून सुटण्याची एकच वाट होती. नक्षीकाराने स्वतःच पेढीत भागीदार व्हायचे. हुशार मालक चांगल्या नक्षीकाराला भागीदारी देऊन बांधून ठेवीत. फिलिप द लासाल हा त्यांतला सर्वांत मोठा माणूस. चित्रकार, कारखानदार आणि मागात सुधारणा करणारा संशोधक असे तीन गुण त्याच्या एकट्यात होते. रशियाच्या कॅथरिन राणीसाठी त्याने कापड विणले, फ्रान्सच्या राजाने १७७५ मध्ये त्याला सरदारकी दिली. पण लासाल शंभरांत एक. बेर्झाँचा समावेश उरलेल्या नव्व्याण्णवांत होतो. त्याने पेढीसाठी काढलेली फुले कोणकोणत्या झग्यांवर गेली, कोणत्या भिंतींवर चढली, हे सांगता येईल असे त्याच्या नावाचे कापड मागे उरले नाही. आपण त्याला ओळखतो ते त्याने स्वतःसाठी काढलेल्या चित्रांमुळे.

१७८० नंतर हे रेशमाचे साम्राज्य डगमगू लागले, आणि त्यात दूरच्या हिंदुस्थानाचाही हात होता. हिंदी छिटांनी शंभर वर्षांपूर्वी फ्रेंच रेशीमवाल्यांची अशी झोप उडविली होती, की सरकारने १६८६ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालविली. लोकांनी ती जुमानली नाही, हा भाग वेगळा. बंदी उठल्यावर सुती कापड उजळ माथ्याने वावरू लागले आणि पुढे पातळ मलमलीची लाट आली. १७८३ मध्ये मारी आंत्वानेत राणीचे मलमलीच्या साध्या झग्यातील चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले, तेव्हा राणी लिआँच्या विणकरांच्या पोटावर पाय देते आहे अशी ओरड झाली आणि ते चित्र उतरवावे लागले. अभिरुचीतील साधेपणा कोणाला तरी उपाशी ठेवतो, हे त्या वेळच्या फ्रेंच माणसाला आपल्यापेक्षा स्पष्ट दिसत होते. क्रांतीच्या तोंडावर लिआँमध्ये सुमारे १४ हजार माग होते. पण त्यांतले हजारो थंड पडलेले होते.

मग क्रांती झाली. बेर्झाँची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात प्रथम लागली ती १७९१ मध्ये. खाटकाच्या मुलाला अकादमीचे दार बंद असते, पण क्रांतीने ते प्रदर्शन सर्वांना खुले केले होते. त्याच क्रांतीने दोनच वर्षांनी त्याचे शहर उद्ध्वस्त केले. १७९३ च्या उन्हाळ्यात लिआँ पॅरिसच्या सरकारविरुद्ध उठले. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत वेढा पडला, तोफा डागल्या गेल्या आणि शहर पडल्यावर लिआँचे नावच पुसून टाकावे असा हुकूम सुटला. बेलकूर चौकातील श्रीमंतांची घरे पाडण्यात आली आणि अठराशेहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला गेला. मालक मेले किंवा पळाले, गिऱ्हाइकांची मुंडकी आधीच उडालेली होती. ज्या समाजासाठी फुले विणली जात तो समाजच नाहीसा झाला, तेव्हा फुले काढणाऱ्याला काम कोण देणार?

बेर्झाँ पॅरिसला गेला. तेव्हा तो चाळिशीच्या आसपास होता. नोकरी गेलेल्या चाळिशीतील माणसाला काय वाटते, हे ज्यांनी आपल्याकडे गिरणी संपानंतरचा काळ पाहिला आहे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्याने पॅरिसमध्ये लहान आकाराच्या तसबिरी केल्या, खडूचित्रे केली, फुले रंगविली आणि हलाखीत दिवस काढले. ओग्युस्ताँ हा त्या काळचा नामवंत सूक्ष्मचित्रकार. त्याची मैत्री बेर्झाँला लाभली. सूक्ष्मचित्रकाराच्या सहवासाचा परिणाम त्याच्या फुलांवर दिसतो. ब्रशचा फटकारा कुठे उमटतच नाही. पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत.

या पॅरिसमध्ये फुलांच्या चित्रांना काही कमी मान नव्हता. रदूते राजघराण्यासाठी गुलाब आणि लिली रंगवीत होता, आणि वनस्पतिशास्त्राच्या कोठारात त्याच्या चित्रांना जागा होती. परंतु रदूतेचे फूल हे शास्त्राचे फूल. पांढऱ्या कागदावर एकटे, पाकळी, पुंकेसर, पान सगळे मोजूनमापून ठेवलेले. बेर्झाँचे फूल टोपलीत असते, फुलदाणीत असते, टेबलाच्या कडेवरून खाली ओघळते आणि त्याच्याभोवती नेहमी काहीतरी दुसरेच ठेवलेले असते. १८१० साली त्याने वेताच्या टोपलीतील फळाफुलांचे चित्र केले. त्याच सुमारास शिंपले आणि पोवळ्यांचे एक चित्र त्याने केले. ते लिआँच्या संग्रहालयात आहे. त्यात फूल नाही. पण शिंपल्याच्या आतल्या गुलाबी कडेकडे पाहिले की हा माणूस फुलेच काढीत आला आहे हे समजते.

१८१० हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी बेर्झाँ लिआँला परतला तो प्राध्यापक म्हणून.

नेपोलियनला लिआँचे रेशीम पुन्हा उभे करायचे होते. त्यामागे विणकरांविषयी कळवळा होता असे कोणी समजू नये. परदेशी सुती कापडाकडे जाणारा पैसा त्याला देशात ठेवायचा होता आणि आपल्या नव्या दरबाराला जुन्या दरबाराइतके झळाळते करायचे होते. त्याने राजवाड्यांसाठी लिआँच्या पेढ्यांना मोठमोठी कामे दिली. १८०५ मध्ये तो लिआँत आला असता झाकारचा नवा माग त्याने पाहिला. आपण ज्याला जॅकार्ड म्हणतो, सोलापूरची चादर ज्यावर विणली जाते, तोच हा. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरे आणि कोणता धागा उचलायचा ते छिद्रे ठरवीत. दोऱ्या ओढणाऱ्या पोरीची आता गरज उरली नाही. झाकार आणि बेर्झाँ जवळजवळ एकाच वयाचे आणि एकाच शहराचे. सरकारने १८०६ मध्ये झाकारला तीन हजार फ्रँकांचे वर्षासन आणि त्याच्या पद्धतीच्या प्रत्येक मागामागे ५० फ्रँक दिले. माग शोधणाऱ्याला प्रत्येक मागामागे पैसे मिळावेत हे सरकारला पटले. नक्षी शोधणाऱ्याला प्रत्येक वारामागे काही मिळावे हे कोणाच्या मनातही आले नाही. त्याच वर्षी, १८०६ च्या मार्चमध्ये, लिआँसाठी कायदा झाला आणि कारखानदाराला आपल्या नक्षीचा नमुना मोहोरबंद करून जमा करण्याची सोय मिळाली. हक्क एक वर्ष, तीन वर्षे, पाच वर्षे की कायमचा हवा, हे त्याने तिथे नोंदवायचे. या कामासाठी आणि धंद्यातील तंट्यांसाठी जे पंचमंडळ नेमले गेले, त्यात पाच व्यापारी आणि चार विणकर-उस्ताद. पाचास चार! नक्षीकाराला त्यात स्वतंत्र जागा नव्हती.

परंतु नक्षीकार तयार करायला हवेत हे मात्र सर्वांना कळत होते. म्हणून १८०७ मध्ये लिआँत सरकारी चित्रकला विद्यालय उघडले. ज्या मठात जोगिणी राहत, तो क्रांतीत रिकामा झालेला सँ-प्येरचा मठ त्याला मिळाला. त्याच इमारतीत संग्रहालयही होते आणि त्यात फुलांच्या चित्रांसाठी वेगळे दालन करण्यात आले. जुन्या डच चित्रकारांची फुले तिथे टांगली गेली. शहरातील नक्षीकारांनी येऊन ती पाहावीत, त्यांवरून शिकावे, हा हेतू. संग्रहालय म्हणजे कारखान्याचे एक खाते अशी ही कल्पना आहे आणि ती मला तरी हास्यास्पद वाटत नाही. कर भरणाऱ्या नागरिकाला त्याच्या पैशाचा हिशेब द्यायचा तर याहून स्पष्ट हिशेब कोणता? फुलांच्या वर्गाला पहिला शिक्षक मिळाला तो पक्ष्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला बाराबाँ. तो १८०९ मध्ये वारला आणि त्याच्या जागी बेर्झाँ आला. तेव्हा त्याचे वय ५६ होते.

तेरा वर्षे त्याने हा वर्ग चालविला. याच वर्षांत त्याची सर्वोत्तम चित्रे झाली. १८१४ मधले लिली आणि गुलाबांचे चित्र असो, किंवा १८१९ मधले फुले, शिंपले, अश्मे आणि शार्क माशाचे डोके एकत्र मांडलेले चित्र असो. हे दुसरे चित्र आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. शार्कचे डोके फुलांच्या चित्रात कशासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. फुले आज आहेत, उद्या नाहीत; शिंपला आतला जीव गेल्यावर उरतो; अश्म लाखो वर्षे उरतो; आणि शार्कचे दात मेल्यावरही दातच राहतात. असा काही अर्थ लावता येईल. पण मला त्याहून साधे वाटते ते असे की, ज्याला आयुष्यभर आठ रंगांत आणि ५४ सेंटिमीटरांत फूल बसवावे लागले, त्याने हाताशी कॅनव्हास आल्यावर जे जे कापडावर कधीच विणता येणार नाही ते ते समोर मांडले. ओल्या सालीची चमक, खरखरीत कातडे, शिंपल्यातील रंग बदलणारा प्रकाश. यांपैकी काहीही मागावर चढत नाही. हे चित्र पेढीवर घेऊन गेले असते तर पेढीच्या मालकाने त्याला हाकलून दिले असते.

आणि नेमका इथेच त्या विद्यालयाचा पेच होता. व्यापाऱ्यांना नक्षीकार हवे होते. वर्गात शिकवायला मात्र चित्रकार नेमला होता; कारण नुसत्या नक्षीकाराकडून नवे फूल येत नाही, तो जुन्याच फुलांची उलटापालट करतो. परंतु चित्रकाराच्या हाताखाली शिकलेला मुलगा चित्रकार होऊ पाहतो. त्याला चौकटींच्या कागदाचा कंटाळा येतो. तो पॅरिसची वाट धरतो. आमच्या खर्चाने शाळा आमच्या कामाची माणसे तयार करीत नाही, ही तक्रार लिआँच्या व्यापाऱ्यांनी पुढेही वारंवार केली. शिक्षण हे धंद्याच्या गरजेचे असावे की त्या पलीकडचे, हा वाद आपल्या महाविद्यालयांत चाललेला आपण ऐकतो. तो दोनशे वर्षांपूर्वी एका फुलांच्या वर्गावरून चालला होता. या वादात कोणत्याही एका बाजूला मी पूर्णपणे उभा राहू शकत नाही. धंद्याशी नाते तुटलेली कला दिवाणखान्यातील शोभा होते हे खरे. पण धंद्याच्या पुढच्या हंगामापलीकडे ज्याला पाहताच येत नाही असा विद्यार्थी त्या धंद्यालाही दहा वर्षांनी उपयोगी पडत नाही, हेही तितकेच खरे.

बेर्झाँ हा या पेचात समजूतदारपणे तडजोड करणारा माणूस नव्हता. तो तापट होता, भांडखोर होता. वरिष्ठांशी त्याचे पटत नसे आणि संग्रहालयाच्या प्रमुखाशी त्याचे उघड वैर होते. १८२३ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. त्या वेळी त्याचे वय ६९ होते. त्याच्या जागी नेमला गेला तो त्याचाच विद्यार्थी, ओग्युस्ताँ तिएरिया. कुठल्याही शिक्षकाला ही गोष्ट वाचताना थोडे अस्वस्थ वाटेल. विद्यार्थी आपल्याहून मोठा व्हावा असे आपण भाषणांत म्हणतो. तो आपल्या खुर्चीवर येऊन बसावा असे आपण म्हणत नाही. तिएरिया वाईट शिक्षक होता असे मुळीच नाही. उलट त्याने तो वर्ग दीर्घकाळ सांभाळला आणि फुलांची लिआँ परंपरा पुढे नेली. त्या शाळेत शिकलेल्या सिमाँ सँ-जाँच्या फुलांना तर शतकाच्या मध्यावर युरोपभर गिऱ्हाईक मिळाले. त्या यशात बेर्झाँचा वाटा किती, हे कोणी मोजले नाही.

यानंतर तो आणखी वीस वर्षे जगला. लिआँतच, एकटा, फारसे कोणात न मिसळता, चित्रे काढीत. त्याच्या खिडकीबाहेर शहर झपाट्याने बदलत होते. झाकारच्या उंच मागांना छपरे उंच हवीत म्हणून क्रवा-रूसच्या टेकडीवर नव्या इमारती उठल्या आणि त्यांच्या उंच खिडक्यांतून दिवसभर मागांची खडखड येऊ लागली. विणकराला वारामागे मिळणारी मजुरी मात्र घसरत होती. १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने मजुरीचा किमान दर ठरला. व्यापाऱ्यांपैकी अनेकांनी तो मानण्यास नकार दिला. आणि २१ नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काम करून जगू नाहीतर लढून मरू, या अर्थाची अक्षरे त्यांच्या काळ्या निशाणावर होती. काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सैन्य आले आणि ठरलेला दर रद्द झाला. १८३४ मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो अधिक रक्त सांडून मोडला गेला.

बेर्झाँ तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा. नक्षीकार आणि विणकर हे एकाच कापडाचे दोन कर्ते; परंतु विणकरांना निदान एकत्र येता आले, कारण ते हजारोंनी होते आणि एकाच टेकडीवर राहत होते. नक्षीकार पेढीपेढीत विखुरलेले, प्रत्येकाला उद्या भागीदार होण्याची आशा. ज्याला मालक होण्याची आशा असते तो मजुरीचा दर मागत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत संघटित आणि असंघटित श्रमाची चर्चा करताना संख्येचा विचार होतो, पण या आशेचा होत नाही.

१८३९ मध्ये लिआँच्या एका पेढीने झाकारचे चित्र रेशमात विणले. त्यासाठी २४ हजार पुठ्ठे लागले. दुरून पाहणाऱ्याला ते कोरीव छापच वाटे. इंग्लंडमध्ये गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून पाहुण्यांना दाखविण्यासाठी घरात लावली होती. यंत्र शोधणाऱ्याचा चेहरा त्याच्याच यंत्राने विणला, हा त्या कापडाचा खरा अभिमान. पुढच्याच वर्षी झाकारचा पुतळाही शहरात उभा राहिला.

बेर्झाँ १८४३ च्या ऑक्टोबरमध्ये वारला. वय ८९. शेवटपर्यंत तो काम करीत होता. ज्या मठाच्या इमारतीतून त्याला घालवून दिले होते, त्याच इमारतीत त्याची चित्रे आज टांगलेली आहेत. खाली चित्रकाराचे नाव, जन्ममृत्यूची साले आणि चित्राचे वर्ष लिहिलेले असते. जुन्या लिआँच्या रेशमी तुकड्यांच्या खालीही अशी पाटी असते. त्यावर कापडाचा प्रकार असतो, शतक असते, कधी पेढीचे नाव असते. नक्षी कोणी काढली त्या जागी बहुधा काही नसते.